आधी बोलणी, मग बोली

(कुर्डुवाडी इथं तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जे तोंडाला आलं ते बहुतेक तसंच ठेवलंय.)



पोरांनी मला विषय दिला होता ‘आर्थिक शोषण’. एवढा मोठा विषय की त्यात माणूस हरवतो आणि भाषण करणाऱ्याचं फावतं. मी तो लहान करून घेतलाय. मी घरावर बोलणार आहे. राहतं घर. ते घर कर्जापायी कुणी घ्यायला येतं तेव्हा घेणारा आणि देणारा यांच्यामध्ये कोण बसतं, एवढंच बोलणार आहे.

पेपर आपण सगळेच वाचतो. पुढारी काय म्हणाला, कुठं कोण कुणाला फुटला, ते पान पाठ असतं. आतल्या पानांवर बारीक टायपात चौकटी असतात त्या वाचतो का? ‘ताबा नोटीस’. ‘ई-लिलाव विक्री सूचना’. कर्जदाराचं नाव, जामीनदाराचं नाव, येणे रक्कम, आणि खाली मिळकतीच्या चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस गटार. आपल्या कवितांत पूर्वेला सूर्य उगवतो. या नोटिशीत पूर्वेला शेजाऱ्याची भिंत असते. एकदा सवड काढून महिनाभर त्या चौकटींतली आडनावं वाचा. मग आर्थिक शोषणावर वेगळं भाषण लागणार नाही.

आता जरा मागं जाऊ. तुमच्या आज्याला कुणी घरतारण कर्ज दिलं असतं? महारवाड्यातल्या खोपटाला, मांगवाड्यातल्या कुडाच्या भिंतीला कोण किंमत लावणार होतं? गहाण टाकायला घरच नव्हतं, म्हणून तो स्वतःला गहाण टाकायचा. पोरीच्या लग्नाला पैसे उचलले की वाड्यावर सालगडी. एका सालाचं दुसरं साल, दुसऱ्याचं तिसरं. त्याची जप्ती रोज सकाळी व्हायची आणि संध्याकाळी तो भाकरीपुरता परत मिळायचा. महार वतनाची जमीन होती म्हणतात. होती, पण गावकीच्या राबणुकीला बांधलेली होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाचं बिल आणलं, आणि कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्यानं गेली ती १९५८ च्या कायद्यानं. तीस वर्षं लागली.

मग या गावाला रेल्वे. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी इथून बार्शीला सुटली, आणि नंतर एकीकडे लातूर, दुसरीकडे पंढरपूर-मिरज असं जाळं झालं. वर्कशॉप आलं. रेल्वेनं आपल्या माणसाला महिन्याच्या महिन्याला रोख पगार दिला, जात न विचारता, असं म्हणायची पद्धत आहे. खलाशी कोण, गँगमन कोण, झाडूवाला कोण आणि टेबलावर कोण, हे पाहिलं की जात विचारली होती की नव्हती ते कळतं. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद झाली. तिथं बाबासाहेबांनी कामगाराचे दोन दुश्मन सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. मी आज ज्या कागदांवर बोलणार आहे त्या कागदांत हे दोघं एकाच टेबलाच्या एकाच बाजूला बसलेले दिसतात.

पण पगार आला तसं घर आलं. कुणी फंडाचे पैसे काढून दोन खोल्या बांधल्या, कुणी प्लॉट घेतला. त्यांच्या पोरांना रेल्वेची पर्मनंट नोकरी मिळाली नाही. ती टेंभुर्णीच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडं लागली, कुणी पुण्याला गेली. घराला स्लॅब टाकायचा, मजला चढवायचा, तर कर्ज. सरकारी बँक दारात उभी करत नाही, कारण पगाराची चिठ्ठी नाही, आयकराचा कागद नाही. मग खाजगी गृहकर्ज कंपनी येते. ती उभी करते. खुर्ची देते, चहा देते, आणि व्याजाचा आकडा चहा पिऊन झाल्यावर सांगते.

जरा हिशेब करू. समजा आठ लाख कर्ज, चौदा टक्के व्याज, पंधरा वर्षं मुदत. हप्ता बसतो साधारण १०,६५४ रुपये. पहिल्या हप्त्यात व्याज किती? ९,३३३. मुद्दल फिटली १,३२१. दोन वर्षं एकही हप्ता न चुकवता भरला तर तुम्ही २,५५,००० च्या वर रुपये दिलेत, आणि मुद्दल कमी झाली सुमारे ३६,०००. बाकीचं व्याज. आता तिसऱ्या वर्षी माणूस आजारी पडला आणि हप्ते तुंबले, तर त्याला वाटतं आपण अडीच लाख भरलेत, थोडी दया येईल. कागद म्हणतो तू अजून जवळजवळ सगळंच देणं लागतोस. हे गणित बेकायदेशीर नाही. बेकायदेशीर असतं तर बरं झालं असतं, पकडता आलं असतं.

मी या भागातल्या अशा काही घरांत बसलोय. एकाचं सांगतो. त्याचं नाव सांगणार नाही आणि कर्ज देणाऱ्या कंपनीचंही सांगणार नाही, कारण नाव सांगितलं की तुम्ही म्हणाल ती कंपनी वाईट. कंपनी वाईट-चांगली हा मुद्दाच नाही. नवरा ठेकेदाराकडं कामाला. मोटारसायकलवरून पडला, पाय मोडला, चार महिने घरी. ठेकेदार बिनकामाचा पगार देत नसतो. हप्ते थांबले. तीन महिने, म्हणजे नव्वद दिवस थकले की खातं ‘एनपीए’ होतं. मग फोन. मग घरी येणारी माणसं. मग एक जाड पाकीट, आत चार पानं इंग्रजी.

बाई मला म्हणाली, “भाऊ, म्या चार खेपा घातल्या हापिसात. थितला पोरगा म्हनतो माझ्या हातात काय न्हाय, वरून हाय. म्या म्हनलं, वरचा मानूस दावा की. तर म्हनला, वर मानूस न्हाय वैनी, शिस्टीम हाय.”

हे वाक्य मी विसरू शकत नाही. सावकाराला निदान तोंड होतं. त्याच्या दारात जाऊन बाई रडू शकत होती, शिव्या देऊ शकत होती, वेळ आली तर त्याची वही जाळता येत होती. शिस्टीमच्या दारात काय करायचं? पाय कुणाचे धरायचे ते राहू द्या, कॉलर कुणाची धरायची?

आता तो जाड कागद काय असतो ते सांगतो. २००२ साली दिल्लीत एक कायदा झाला, नाव मोठं आहे, लोक त्याला सरफेसी म्हणतात. त्याच्या आधी बँकेला घर विकायचं तर कोर्टात दावा लावावा लागे आणि पुढं वर्षं जात. मोठ्या कारखानदारांनी बँका बुडवल्या, कोर्टात तारखा घेत बसले, म्हणून हा कायदा आणला असं सांगितलं गेलं. खरं आहे ते. पण जाळं मोठ्या माशासाठी विणलं की मोठा मासा ते फाडून जातो, आणि आत उरते आपली चिंगळी. या कायद्यात बँक स्वतःच वादी, स्वतःच कारकून, स्वतःच बेलीफ. कलम १३ पोटकलम २ ची नोटीस, साठ दिवसांची मुदत. ती संपली की १३(४) खाली ताबा. ताबा सोडला नाही तर कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्याकडं अर्ज, आणि पोलीस. या दंडाधिकाऱ्याचं काम बँकेचं शपथपत्र आणि कागद तपासायचं, तुमचं रडगाणं ऐकायचं नाही. दिवाणी कोर्टाचं दार कलम ३४ नं बंद. शेतजमीन या कायद्यातून वगळलीय. राहतं घर वगळलेलं नाही.

२००४ साली मार्डिया केमिकल्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं या कायद्याचा एक काटा काढला. आधी दाद मागायला जायचं तर येणे रकमेच्या पंच्याहत्तर टक्के भरा असं होतं. म्हणजे ज्याच्याकडं पैसे नाहीत म्हणून घर जातंय त्यानं आधी पैसे भरावेत, मग सांगावं की पैसे नाहीत! ते गेलं. आणि नोटिशीला कर्जदारानं लेखी हरकत घेतली तर तिचा विचार करून, ती फेटाळायची असेल तर कारणं देऊन उत्तर द्यायचं, हे कायद्यात आलं. त्याला आता पंधरा दिवसांची मुदत आहे. ही एवढीशी फट. १३(३-अ) म्हणतात तिला. आपली माणसं ही फट वापरतच नाहीत. इंग्रजी कागद आला की तो देवघरात बुद्धाच्या फोटोमागं ठेवतात आणि साठ दिवस घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

सहकारी बँका म्हणजे आपल्या ओळखीच्या, त्या असं करणार नाहीत, असं कुणाला वाटत असेल तर तेही काढून टाका. मुरगूडच्या, कोल्हापूर जिल्ह्यातल्या, एका सहकारी बँकेच्या खटल्यात २०२० च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं सांगितलं की सहकारी बँकांनाही सरफेसी वापरता येतो. पतसंस्थेचं वेगळं आहे. ती सहकार कायद्याच्या १०१ खाली वसुली दाखला घेते आणि वसुली अधिकारी जप्ती करतो. दोन्ही रस्ते एकाच दारात येतात, तुमच्या.

तर त्या घराकडं परत. पाकीट आलं त्याला बावीस दिवस झाले होते. आम्ही मराठीत अर्ज लिहिला. पाय मोडल्याचे दवाखान्याचे कागद जोडले. अर्जात तीन गोष्टी मागितल्या. आजवर भरलेल्या प्रत्येक पैशाचा उतारा द्या. मुद्दल, व्याज, दंड, वकील फी वेगवेगळी दाखवा. आणि समोर बसून बोला. उत्तर आलं, इंग्रजीत, कारण त्यांची मराठी फक्त जाहिरातीत असते. उत्तरात हरकत फेटाळली होती. पण उताऱ्यात दंडावर व्याज चढवलेलं दिसत होतं. रिझर्व्ह बँकेनं २०२३ च्या ऑगस्टमध्ये सांगितलंय की थकलेल्या हप्त्याचा दंड मुद्दलीत मिसळून त्यावर परत व्याज लावायचं नाही, आणि जुन्या कर्जांनाही हे २०२४ च्या मध्यापासून लागू झालं. एवढं एक हाड हाताला लागलं.

मग माढ्याला. तिथल्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, तशी प्रत्येक तालुक्याला असते. हे नीट ऐका, आज मी जे बोलतोय त्यातलं सगळ्यात कामाचं हेच आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. बाईलाही नाही, मग ती कुठल्याही जातीची असो. नुसत्या दिवाणी-फौजदारी कोर्टापुरता नाही, न्यायाधिकरणापुढंही. म्हणजे घराचा ताबा गेला आणि पंचेचाळीस दिवसांत पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात अपील करायचं तर तिथंही. जातीचा दाखला आपण फक्त फीमाफीला आणि निवडणुकीला काढतो. इथं त्याचा उपयोग करा.

समितीतून प्रकरण लोकअदालतीत ठेवलं, दावा लागायच्या आधीच. लोकअदालत म्हणजे काय? पॅनेलवर न्यायाधीश, बरोबर वकील, एखादा समाजसेवक. बँकेचा माणूस फायली घेऊन. आणि समोर आपली माणसं, चपला बाहेर काढून आलेली. मी सांगितलं होतं चपला घालून चला, हे देऊळ नाही. तरी काढल्याच.

कंपनीचा माणूस म्हणाला, एकरकमी भरा, दंडात सूट देतो. एकरकमी! ज्याला महिन्याचे दहा हजार जमेनात तो एकरकमी सात लाख कुठून आणणार? पॅनेलवरचे साहेब भले होते, पण त्यांच्या पुढ्यात त्या दिवशी प्रकरणांचा ढीग होता आणि त्यांचं लक्ष घड्याळाकडं. ते म्हणाले, काय ते मिटवून टाका. मिटवून टाका हा शब्द आपण लहानपणापासून ऐकलाय. गावात मारहाण झाली की पाटील हेच म्हणायचा. मिटवायचं म्हणजे खालच्यानं गप्प बसायचं.

बाई बोलली. नवरा नाही, बाई. म्हणाली, “साहेब, मिटवायला आलोय. पर आधी येगळं येगळं करून सांगा, याज किती, दंड किती, वकिलाचं किती. बाजारात वांगी घेताना बी आमी असं इचारतो.” पॅनेलवरच्या वकीलबाईंनी मान वर केली. मग हिशेब निघाला. दंडावरचं व्याज गेलं. थकलेले हप्ते दीड वर्षात फेडायचे आणि चालू हप्ता रीतसर भरायचा असं ठरलं. सह्या झाल्या. ते घर आज त्यांचं आहे. निदान या महिन्यात आहे. कारण त्या तडजोडीत एक ओळ आहे, की एक हप्ता चुकला तर सगळी रक्कम एकदम. आणि लोकअदालतीचा निवाडा म्हणजे दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा, कलम २१ प्रमाणे, त्यावर अपील नाही. म्हणून म्हणतो, लोकअदालतीला जा, पण सही करायच्या आधी शेवटची ओळ वाचा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका, साहेब कितीही घड्याळ बघू देत.

आता खरी गोष्ट. त्या दिवशी कंपनीचा माणूस आला कशाला? त्याला वाटलं म्हणून आला. आला नसता तर काय? काही नाही. लोकअदालत दोघांच्या राजीवर चालते. बँक म्हणाली बसत नाही, तर कुणी तिला बसवू शकत नाही. आणि एकरकमी तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही, कोर्ट बँकेला तसा हुकूम देऊ शकत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२१ च्या डिसेंबरमध्ये बिजनौरच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्टच सांगितलंय. रिझर्व्ह बँकेनं २०२३ च्या जूनमध्ये तडजोडीबद्दल परिपत्रक काढलं, की संचालक मंडळानं मंजूर केलेलं तडजोडीचं धोरण ठेवा. ठेवलं असेल. कपाटात ठेवलं असेल. त्याच वर्षी मध्यस्थीचा नवा कायदाही झाला. त्यातही दाव्याआधीची मध्यस्थी दोघांच्या मर्जीची.

तर सगळं मर्जीवर. आणि ही मर्जी प्रत्येकाच्या बाबतीत अशीच आहे का? नाही! इथं गंमत बघा. व्यापाऱ्यांच्या दाव्यांसाठी वेगळा कायदा आहे, व्यापारी न्यायालयांचा. त्यात २०१८ साली कलम १२-अ घातलं. तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर एका व्यापाऱ्यानं दुसऱ्यावर दावा लावायच्या आधी मध्यस्थीला बसलंच पाहिजे. नाही बसला तर दावा फेटाळला जातो, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं शिक्कामोर्तब केलं. म्हणजे शेटजीनं शेटजीला बॉल-बेअरिंगचे पैसे दिले नाहीत तर त्यांनी आधी चहा घेत बोलावं, संबंध बिघडू नयेत. आणि बाईच्या डोक्यावरचं छप्पर काढायचं तर? पाकीट. साठ दिवस. पोलीस. आणि २०१६ च्या दुरुस्तीपासून तर लिलावाची जाहिरात प्रसिद्ध झाली की पैसे भरून घर सोडवण्याचा हक्कही संपला. पूर्वी प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत होता.

कुणी म्हणेल सक्तीची मध्यस्थी ही परदेशी फॅशन आहे. मी सांगतो, या सोलापूर जिल्ह्यात ती होती. १८७९ साली.

१८७५ च्या मे महिन्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरं घेरली. मारलं कमी, जाळले ते कागद. गहाणखतं, रोखे, वह्या. पुणे-नगरकडच्या गावांत ते लोण पसरलं. इंग्रजानं कमिशन नेमलं आणि चार वर्षांनी कायदा केला, पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी, दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून सोडवण्याचा. त्यात काय होतं? कर्जापायी कैद नाही. रोख्यावर आकडा काहीही असो, कोर्टानं मागं जाऊन खरं मुद्दल किती आणि व्याज किती ते उकरायचं. आणि सरकारनं नेमलेले समेट करणारे मध्यस्थ. सावकाराला शेतकऱ्यावर दावा लावायचा तर आधी त्या मध्यस्थाकडं जायचं. समेट झाला नाही असा त्याचा दाखला आणल्याशिवाय कोर्टानं दावा दाखल करून घ्यायचा नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी याच कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून काम केलंय. पुढं तो कायदा गेला, १९४७ साली त्याच्या जागी मुंबई इलाख्याचा दुसरा आला. विदर्भाकडं मध्यप्रांतानंही १९३३ साली कर्जसमेटाचा कायदा केला होता. आणि १९७५-७६ साली महाराष्ट्रानं भूमिहीन, कारागीर, अल्पभूधारकांची सावकारी कर्जं कायद्यानं पुसून टाकली. सावकार सुप्रीम कोर्टात गेले आणि १९७७ साली हरले.

पण १८७९ चं गोडवे गाऊन मी थांबणार नाही. तो मध्यस्थ कोण असायचा? गावातला वजनदार माणूस. ज्याच्या ओट्यावर बसून समेट व्हायचा त्या ओट्यावर आपला माणूस चढू शकत होता का? तो खाली उन्हात उभा राहून आपल्याच कर्जाचा समेट ऐकणार. मध्यस्थ म्हणजे मधला. पण आपल्यासाठी मधला माणूस कधी मध्ये नव्हताच, वर होता. म्हणून नुसतं ‘मध्यस्थी सक्तीची करा’ म्हणून भागत नाही. त्या खुर्चीवर कोण, हेही आत्ताच विचारायचं.

परदेशाचं निघालंच आहे तर तेही ऐका. अमेरिकेत २००८ साली घरकर्जाचा फुगा फुटला. ज्यांना कधी कर्ज मिळत नव्हतं त्या काळ्या वस्त्यांत आधी महागडी कर्जं ढकलली होती, आणि जप्त्या आल्या त्याही तिथंच आधी. ज्यांच्या पँथरवरून आपल्या लोकांनी १९७२ ला नाव घेतलं त्यांच्याच वस्त्या. फिलाडेल्फिया शहरात लोकांनी रेटा लावला, नगर परिषदेनं ठराव केला, आणि जप्त घरांचा लिलाव करणारा शेरीफ, जॉन ग्रीन, त्यानं लिलाव थांबवला. मग तिथल्या कोर्टानं नियम केला की मालक स्वतः राहतोय असं घर लिलावात काढायच्या आधी बँक आणि घरमालक यांची समोरासमोर बैठक झालीच पाहिजे. घरमालकाला हिशेब समजावणारा सल्लागार फुकट. वकील फुकट. आणि माणसं दारोदार फिरून सांगायला, की घाबरून दार लावून बसू नका, तारखेला या. कनेक्टिकट राज्यात त्याच वर्षी मध्यस्थी आली, पण तिथं आधी ‘हवी असेल त्यानं अर्ज करावा’ असं होतं. घाबरलेला माणूस अर्ज करत नसतो. दुसऱ्या वर्षी त्यांनी ती आपोआप लागू केली.

त्यानं सगळ्यांची घरं वाचली असं मी म्हणत नाही. ज्याचा पगारच गेला त्याचं घर बैठकीनं वाचत नाही. पण शिस्टीमला तोंड आलं. बँकेला एक माणूस पाठवावा लागला, ज्याला हो किंवा नाही म्हणायचा अधिकार आहे. त्या वैनीनं चार खेपा घालून जो वरचा माणूस मागितला, तो तिथं कायद्यानं खाली उतरवला.

आपलं मागणं एवढंच आहे. राहत्या घराचा ताबा घ्यायच्या आधी बैठक, बँकेच्या मर्जीवर नाही, सक्तीनं. बैठक होईपर्यंत साठ दिवसांचं घड्याळ बंद. हिशेब मराठीत, फोड करून. बँकेकडून येणाऱ्याच्या हातात अधिकार. मध्यस्थांच्या यादीत आपली शिकलेली पोरं-पोरी, आणि बाया तर हव्यातच, कारण घरातला हिशेब त्यांच्याकडं असतो. मोर्चा काढायचा तर यावर काढा. पुतळ्यासमोर पुष्कळ मोर्चे झाले, एखादा जिल्हा अग्रणी बँकेच्या दारात न्या.

आणि कायदा बदलायची वाट बघत बसायचं नाही. तुम्ही इथं बसलेले बहुतेक पुण्या-मुंबईला राहता, इंग्रजी वाचता. सुट्टीला गावी आलात की आपल्या गल्लीत विचारा कुणाच्या घरी पाकीट आलंय. लाजतात लोक. कर्ज थकलं हे सांगायची लाज बँक बुडवून विमानानं पळालेल्याला नाही आणि आपल्या माणसाला आहे. ती लाज आधी काढा. पाकीट आलं असेल तर पहिल्याच आठवड्यात लेखी हरकत, पोच घेऊन. हरकतीत उतारा मागायचा. त्याच आठवड्यात माढ्याला नाहीतर सोलापूरला विधी सेवेत वकिलाचा अर्ज, जातीच्या दाखल्याची प्रत लावून. फोन करायचा तर १५१०० हा त्यांचा नंबर आहे. वसुलीवाला सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातच्या नंतर फोन करत असेल तर वेळ लिहून ठेवायची, रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये ते बंद केलंय. भरलेल्या हप्त्याच्या पावत्या एका पिशवीत. आणि ज्या पाकिटातून नोटीस आली ते पाकीट फाडून चुलीत घालू नका. कागदावरची तारीख त्यांची असते. घरात कधी पोचली ते टपालाच्या शिक्क्यावर असतं.